सव्वा किलोचं लटकतं वजन

१

दिवाळे गावच्या रुतिकाचा नवाकोरा कॉम्प्युटर सोमवारी सकाळी साडेनऊला मेला. आमच्याकडे त्याची वर्दी मंगळवारी आली, तीही मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना.

वर्दी घेऊन आली श्रुती. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये भाड्यानं राहते, वय चोवीस, आणि इथेच नेरूळमध्ये अभयच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करते. एरवी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरणारी ही मुलगी त्या दिवशी उंबऱ्यातच उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात टाइप केलेला कागद.

"काकू, यावर सही करू का?"

काका नाही, काकू. याचं मला वाईट वाटत नाही, सवय झाली आहे. माझी बायको जयमाला अठ्ठावीस वर्षं कळंबोलीच्या ट्रकअड्ड्यावर विम्याची सर्व्हेअर होती. फुटलेला, वाकलेला, भिजलेला माल बघायचा आणि तो कुठे, कसा, कुणामुळे बिघडला ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. मी सुभाष, पाणीपुरवठ्यातला निवृत्त कारकून. हल्ली तिची पिशवी उचलतो आणि वही लिहितो. बढती म्हणा की पदावनती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

जयमालानं कागद वाचला. "कूलर नीट न बसवल्यामुळे तो निसटून मशीनचे नुकसान झाले, ही चूक माझी आहे," असा त्याचा मथितार्थ.

"कूलर?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे उन्हाळ्यातला पाणी भरायचा कूलर आला. कॉम्प्युटरात तो मावला कसा?

"काका, प्रोसेसर तापतो ना, त्याच्यावर बसवतात तो. धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि वर पंखा. साध्या मशीनला मुठीएवढा असतो. रुतिकाचा सव्वा किलोचा होता, मोठ्या कामाचा. आणि मशीन उभं असतं, त्यामुळे तो बोर्डावर आडवा लटकतो. भिंतीला खुंटी मारून सिलेंडर टांगावा तसं. म्हणून बोर्डाच्या मागे लोखंडी पट्टी लावतात आणि चार स्क्रू त्या पट्टीत जातात. स्क्रू कच्चे राहिले की संपलं."

"आणि तुझे कच्चे राहिले होते?"

"सर म्हणतात तसं. उद्या संध्याकाळी सहापर्यंत सही द्यायची. दिली तर कागद कंपनीला जाणार, मग अख्ख्या मार्केटमध्ये माझ्या हातात कोण मशीन देईल? नाही दिली तर परवापासून येऊ नको म्हणालेत."

जयमालानं चष्मा काढून पदराला पुसला. "सरांचं राहू दे. तू काय म्हणतेस?"

श्रुतीनं पहिल्यांदाच मान वर केली. "काकू, माझा कूलर पडत नाही."

ती बढाई मारत नव्हती. आपलं रक्ताचं नातं सांगावं तितक्या साधेपणानं बोलली. जयमालानं कागदाची घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि माझे पोहे तसेच राहिले.

२

अभयचं दुकान नीटनेटकं, आणि अभयही. चाळिशीचा माणूस, कपाळाला गंध, बोलणं मऊ. श्रुतीही आमच्याबरोबर होती. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि मेलेलं मशीन टेबलावर आणून ठेवलं.

"बघा काकू. लपवण्यासारखं काय नाही."

मशीनची एक बाजू काचेची. आत तो सव्वा किलोचा ठोकळा मान टाकून पडला होता. वरचे दोन स्क्रू निसटलेले, खालचे दोन अजून धरून, आणि त्यांच्या ओढीनं बोर्डाला तडा गेलेला. ठोकळ्याचं डोकं खालच्या महागड्या कार्डावर आपटून तेही वाकलं होतं.

"क्रम सांगा," जयमाला म्हणाली.

"मागच्या मंगळवारी श्रुतीनं मशीन जोडलं, चार तास चालवून बघितलं. बुधवारी ती सुट्टीवर गावी गेली, शुक्रवारी परत आली. मशीन नंतर द्यायचं होतं, पण बुधवारी रुतिकाचा फोन आला, दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू करायचंय. म्हणून गुरुवारी सकाळी प्रितेशच्या टेम्पोत घालून दिलं. आम्ही हात पण लावला नाही. लावणार कशानं? बुधवारी संध्याकाळपासून सगळी हत्यारं पूजेत. शुक्रवारी सकाळी उचलली. माझ्या वडिलांपासूनचा रिवाज आहे, एवढीशी पकड सुद्धा हलवत नाही."

त्यानं भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे ओळीनं हत्यारं टांगलेली होती. एका हातभर लांब स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर हळदकुंकू वाळलेलं होतं आणि झेंडूच्या माळेचा दोरा अजून गुंडाळलेला.

फळीच्या शेजारी श्रुतीच्या अक्षरातला कागद चिकटवलेला. मी तो वहीत उतरवून घेतला. एक किलोवरचा कूलर मशीनमध्ये ठेवून पाठवू नये. काढून त्याच्याच खोक्यातून पाठवावा, गिऱ्हाइकाच्या घरी बसवावा. नेताना आणि बसवताना मशीन आडवं झोपवावं, काच वर. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे, लांब स्क्रूड्रायव्हरनं, स्क्रू आपोआप थांबेपर्यंत पिळावे.

"म्हणजे हा नियम पाळला नाहीत," जयमाला म्हणाली.

अभयनं लगेच मान डोलावली. "ती चूक माझी. बसवलेलाच पाठवला. नेरूळ ते दिवाळे, अंतर ते किती! पण पक्का बसवला असता तर तेवढ्यानं पडला नसता, हे तर मान्य कराल?"

एवढीशी चूक कबूल करणारा माणूस मोठ्या चुकीबाबत खरं बोलत असणार, असं मला वाटलं. जयमालाला तसं काही वाटत नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मी हे स्वानुभवानं शिकलो आहे.

तिनं बॅटरी पेटवली आणि भिंग काढलं. "श्रुती, हे जांभळं काय?"

"माझं नेलपॉलिश. स्क्रू पिळून झाला की डोक्यावरनं खाली कूलरच्या पट्टीवर एक सरळ रेघ मारते. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते."

जयमालाचा चेहरा खुलला. "कळंबोलीत ट्रकच्या चाकांच्या नटांना रंग मारतात तो याच्यासाठीच. कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. माझं मलाच सुचलं."

खालच्या दोन स्क्रूंवर रेघा होत्या. पण डोक्यावरची एका दिशेला आणि पट्टीवरची भलत्याच दिशेला.

"हलून सैल झाले असतील," अभय म्हणाला.

"असतील," जयमाला म्हणाली. मग तिनं करंगळी ओली करून एका स्क्रूच्या कडेवर फिरवली. त्या स्क्रूंना बोटांची पकड बसावी म्हणून कडेला बारीक खाचा होत्या. करंगळी तिनं माझ्यापुढे धरली. तिच्यावर लाल डाग होता.

नेलपॉलिश ओल्या बोटानं निघत नाही. आणि ते जांभळं होतं.

"कुंकू," मी म्हणालो. चारही स्क्रूंच्या खाचांत होतं.

३

प्रितेश सारसोळ्याचा, तिशीतला. टेम्पो स्वतःचा, आणि त्याच्यावर जीव एवढा की दसऱ्याची माळ अजून काचेपुढे लोंबत होती. बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं.

"काकी, खोटं नाय सांगत. खड्डा बघून गाडी चालवली. गल्लीत शिरलो, सामान उतरवलं, घरात नेलं, टेबलावर उभं ठेवलं, सही घेतली. आपलं काम खलास."

"टेबलावर ठेवलंस?"

"हां मग! खिडकीजवळच्या टेबलावर."

जयमालानं त्याला धन्यवाद दिले आणि त्याच टेम्पोतून आम्ही दिवाळ्याला गेलो. गावाच्या नाक्यावर त्यानं आम्हाला उतरवलं. "पुढे गाडी जात नाय," म्हणाला, आणि मग जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

गल्ली खरोखरच हातभर रुंद. दोन्हीकडे घरं, जाळी वाळत घातलेली, कडेला होडीचं इंजिन उघडून ठेवलेलं. रुतिका दारातच भेटली. सव्वीस वर्षांची, बोलण्यात चटपटीत, पण त्या दिवशी नजर चुकवत होती. ती इमारती बांधायच्या आधीच त्यांच्या आतून फिरवून आणणाऱ्या फिल्मा बनवते. असल्या कामाला दमदार मशीन लागतं, म्हणून हा सगळा थाट.

"मशीन कुठे होतं?"

तिनं कोपऱ्यात दाखवलं. मासे ठेवायची निळी बर्फाची पेटी पालथी घातलेली, वर जुनी चादर. "पहिल्या दिवसापासून इथेच. आमच्याकडे टेबल कुठलं?"

मी वहीतून मान वर केली. जयमालानं केली नाही. खिडकीजवळ देव्हारा होता, टेबल नव्हतं.

"चार दिवस कसं चाललं?"

"चाललं. पण पंखा पहिल्या दिवसापासून ओरडत होता. मिक्सर लावल्यासारखा. आई म्हणायची, एवढी महाग वस्तू आणि दमेकऱ्यासारखी काय धापते! सोमवारी मी काम करत बसले होते आणि आत धाडकन् आवाज झाला. स्क्रीन काळी." ती थांबली. "माझं पहिलंच मोठं काम होतं. अभय सर म्हणाले, डिफेक्टिव पीस असेल, कंपनी बदलून देईल."

"डिफेक्टिव?" जयमालानं फक्त एवढंच विचारलं. श्रुतीचं नाव तिनं काढलं नाही, रुतिकानंही नाही. या मुलीला श्रुतीवर काय बेतलंय याचा पत्ताच नसावा, असं मला वाटलं.

मग जयमालाची नजर फळीवर गेली. तिथे एक भक्कम पुठ्ठ्याचं खोकं होतं, बाहेर त्याच कूलरचं चित्र. "हे बघू का?"

"त्यात आईची सुकट आहे."

सुकट वर्तमानपत्रावर ओतली. घर घमघमलं आणि माझी भूक चाळवली. खोक्याच्या तळाशी काळ्या फोमचा साचा होता, ठोकळा बरोब्बर बसेल असा. त्या साच्याच्या एका खळग्यात राखी रंगाचा मलम वाळून चिकटला होता.

"श्रुती," जयमालानं फोन लावला, "प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये काही लावता का?"

"पेस्ट लावतो काकू. राखी. उष्णता नीट जावी म्हणून."

"नव्या कूलरला कारखान्यातूनच लागून येते?"

"ह्या कूलरला नाही. मी लावते, बसवताना."

जयमालानं फोन ठेवला आणि साचा पिशवीत टाकला. रुतिकाचा चेहरा झर्रकन् उतरला होता.

"बाळ, तुला काही सांगायचंय का?"

"नाही," रुतिका म्हणाली. पण तिचा हात आपोआप पाठीमागे गेला. आपली बोटं आमच्यापासून लपवावीत तसा.

४

रुतिकाची आई कमळीताई बाजारात पाटी मांडून बसली होती. साठीच्या आसपास, नाकात ठसठशीत नथ, हात भराभर चालणारे. जयमालानं आधी बोंबील घेतले, घासाघीस केली, हरली, आणि मगच विषय काढला. चौकशीची ही तिची जुनी पद्धत. त्या दिवशी रात्री मी बोंबील खाल्ले, म्हणजे मलाही ती मान्य आहे.

"मना मशिनीतलं काय कलतंय बाय? पोरीला इचारा," कमळीताई म्हणाली. दोन बोंबील कापून झाले, आणि मग ती खाली बघतच बोलली. "येक सांगा पन. पेटी आडवी केली तं आतलं मोरतं काय गो?" मोरतं म्हणजे मोडतं, हे मला क्षणभरानं उमगलं.

जयमाला तिच्याजवळ खाली बसली, अगदी ओल्या फरशीवर. नवी साडी होती.

"आडवी कुणी केली, कमळीताई?"

कमळीताईनं सुरी ठेवली. मान खाली गेली ती वर येईना.

"मीच. सनाचा दिस, प्रितेशला घाई होती. नाक्यावर सामान उतरवून गेला. बोलला, रुतिकाला बोलवा, दोघी मिलून न्या. मी म्हटलं कशाला? माज्या पोरीची पयली मशीन हाय. आमच्यात नवीन जाल्याचा पयला म्हावरा बाईच डोक्यावरून घरात आनते, तो मान हाय तिचा. मग ही तं माज्या पोरीची होडीच! फडक्याची चुंबल केली नि ठेवली डोक्यावर. उभी ऱ्हाईना, म्हनून आडवी केली. बारकी पेटी काखेत घेतली. लोकं बघत व्हती, मी म्हटलं बघा." तिनं बोंबलांवर पाणी मारलं. "नि चार दिसांत मोरली. पोर रडली, मी तिला बोलले नाय. घास उतरत नाय बाय माज्या गल्यातून. माज्याच मिजाशीनं मोरली ती."

बायकोच्या कामात मी बरीच फुटलेली काच पाहिली, पण असं माणूस पाहिलं की मी नेहमी वहीत बघतो.

"आडवी ठेवलीत तेव्हा काच कुठल्या बाजूला होती?"

"वर. काच कोन खाली ठेवील?"

"आणि त्या बारक्या पेटीवर चित्र होतं? आता तिच्यात सुकट आहे, तीच?"

"तीच."

जयमालानं तिच्या ओल्या हातावर हात ठेवला. "कमळीताई, उद्या संध्याकाळी सहाला नेरूळला या. रुतिकाला घेऊन या. आणि आज जेवा."

परतताना मी विचारलं, "म्हणजे गुन्हेगार सापडला?"

"छे. एक निर्दोष बाई सापडली."

"मग गुन्हेगार कोण?"

"दसऱ्याला कुंकू लागलेली बोटं मोजा," ती म्हणाली आणि रिक्षात डोळे मिटून घेतले.

मी मोजली. प्रितेशची, टेम्पोच्या पूजेची. अभयची, दुकानाच्या पूजेची. कमळीताईची आणि रुतिकाची, घरच्या पूजेची. सगळे हिशेबात. फक्त श्रुती नव्हती, ती गावी होती.

५

बुधवारी सहाला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही बसलो. अभय गादीवर, प्रितेश दाराशी, दोघी मायलेकी बाकावर. श्रुती उभीच होती. टेबलावर मेलेलं मशीन, काळ्या फोमचा साचा आणि तो कागद.

"मी वर्षानुवर्षं फुटलेला माल पाहिला," जयमाला म्हणाली. "मालाबरोबरच्या बिलटीवर काहीही लिहिलेलं असतं. माल मात्र खरं सांगतो. ह्या साच्यात राखी पेस्ट आहे. नव्या कूलरला ती नसते. म्हणजे श्रुतीनं कूलर बसवल्यानंतर तो कुणीतरी काढला, आणि खोक्यात घालून दिवाळ्याला पाठवला. कमळीताईंनी दोन पेट्या नेल्या, एक डोक्यावर, एक काखेत. अभय, कूलर बसवलेलाच पाठवला म्हणालात ते खरं नाही. तुम्ही नियम पाळलात. बुधवारी दुपारी, पूजा मांडायच्या आधी, तुम्हीच तो काढलात. बरोबरच केलंत. मग ते लपवलंत का?"

अभय टेबलावरचा कागद सरळ करत राहिला.

"कारण कूलर सुटा गेला म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, तो परत बसवला कुणी? प्रितेशनं नाही."

"मी कशाला बसवीन?" प्रितेश गडबडला.

"तू घरात गेलाच नाहीस. टेबल म्हणालास, तिथे बर्फाची पेटी आहे. कमळीताईंना ओझं उचलावं लागलं म्हणून तुला शरम वाटली, आणि मशीन त्यामुळेच मोडलं असं वाटून तू टेबल रचलंस."

प्रितेशनं मान खाली घातली. "चुकलो काकी."

"पेस्ट पुन्हा पुसून लावून, चार स्क्रू लावून, कूलर त्या घरात बसवला गेला. कमळीताईंना त्यातलं कळत नाही. उरलं कोण?"

रुतिका उठून उभी राहिली. "मी. मीच बसवला." आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "मुहूर्त साडेअकराचा होता. मी सरांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी सगळं सांगितलं, मशीन झोपवायला, पेस्ट लावायला. पण स्क्रूड्रायव्हर नव्हता. दुकानातला पूजेत. बाबांचा होडीवर, इंजिनच्या हत्यारांबरोबर पूजेत. आई म्हणाली, देवापुढचं उचलायचं नाय. सर म्हणाले, बोटांनी फिरव फिरेल तेवढं, आजच्यापुरतं चालेल, उद्या माणूस पाठवून घट्ट करून देतो. नुकतीच पूजा केली होती, हाताला कुंकू होतं. कुणी आलंच नाही. मीही कामाच्या नादात फोन केला नाही. पडल्यावर सर म्हणाले, बोटांनी बसवलं हे कुणाला बोलू नकोस, वॉरंटी जाईल." ती श्रुतीकडे वळली. "शप्पथ, तुझ्यावर आलंय हे मला ठाऊक नव्हतं गं."

म्हणजे त्या एका दिवशी अख्ख्या नवी मुंबईत या मुलीसाठी एक मोकळा स्क्रूड्रायव्हर नव्हता. मला हसू आलं, ते मी वहीत लपवलं.

"पंखा पहिल्या दिवसापासून का ओरडत होता ते आता कळेल," जयमाला म्हणाली. "कूलर प्रोसेसरवर दाबून बसलाच नव्हता. प्रोसेसर तापायचा, पंखा जिवाच्या आकांतानं फिरायचा, त्या थरथरीनं कच्चे स्क्रू आणखी सुटायचे. वरचे दोन सुटले आणि सव्वा किलो खाली आलं. श्रुतीच्या रेघा तुटल्या, कारण ते पिळणं श्रुतीचं नव्हतंच."

सगळे अभयकडे बघत होते. त्यानं गंध पुसल्यासारखा कपाळावरून हात फिरवला.

"विसरलो," तो म्हणाला. "शुक्रवारी दुकान उघडलं, गर्दी झाली, डोक्यातनं गेलं. सोमवारी रुतिकाचा फोन आला तेव्हा आठवलं. कंपनीच्या फॉर्मवर बसवणाऱ्याचं नाव लागतं. मीच फोनवर बोटांनी बसवायला सांगितलं, असं कसं लिहू? वीस वर्षांचं नाव आहे माझं."

"आणि तिचं?" मी विचारलं. मी चौकशीत बोलत नाही, पण राहवलं नाही. "तिचं नाव अजून व्हायचंय म्हणून ते स्वस्त?"

आता श्रुती टेबलापाशी आली. रागावली असती तर अभयला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही.

"सर, शुक्रवारी मी अकरा वाजता कामावर आले होते. मला नुसतं सांगितलं असतंत, तर दिवाळ्याला जाऊन दहा मिनिटांत घट्ट करून आले असते. दहा मिनिटं सर."

अभयनं कागद उचलला, चार तुकडे केले, आणि कोऱ्या फॉर्मवर बसवणाऱ्याच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. "कंपनीनं नाही दिलं तर मशीन मी भरून देईन," तो रुतिकाला म्हणाला. मग श्रुतीकडे न बघताच विचारलं, "थांबशील ना?"

"दोन स्क्रूड्रायव्हर घ्या," श्रुती म्हणाली. "पुढच्या दसऱ्याला एक देवाला, एक कामाला. मग थांबते."

हे सगळं झालं तरी कमळीताई बाकावर तशीच बसून होती. तिच्यासाठी काहीच सुटलं नव्हतं.

"म्हंजे," तिनं हळूच विचारलं, "डोक्यावरून आनली म्हनून नाय मोरली?"

जयमाला तिच्यासमोर गेली. "कमळीताई, तुम्ही मशीन डोक्यावर घेतलंत तेव्हा ते वजन त्याच्यात नव्हतंच, ते तुमच्या काखेत फोममध्ये होतं. आणि असतं, तरी असं जड मशीन न्यायचं तर आडवंच न्यावं लागतं, काच वर करून. मग वजन लटकत नाही, बोर्डावर बसतं. ह्या पोरीनं भिंतीवर लिहिलंय ते तुम्ही न वाचता केलंत."

कमळीताईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. रुतिकानं तिला मिठी मारली, "आई, तू मला बोलली का नाहीस?" म्हणत तीही रडली. तुला तरी कुठे बोलता आलं होतं, हे विचारायचं मी टाळलं.

६

नवं मशीन पुढच्या रविवारी तयार झालं. प्रितेशनं ते नाक्यावर उतरवलं आणि या वेळी स्वतः उचलायला वाकला. श्रुतीनं त्याला थांबवलं.

"मावशी, तुम्हीच न्या. आडवी. तुमच्यासारखं चालता आम्हाला कुणाला येणार नाही."

कमळीताईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग चुंबळ वळली, प्रितेशनं हात दिला, आणि मशीन डोक्यावर चढलं. हातभर रुंद गल्लीतून ती निघाली. मान ताठ, एक हात कमरेवर, पाठीमागे कूलरचं खोकं छातीशी धरून श्रुती, तिच्यामागे रुतिका. होडीच्या इंजिनला वळसा घालताना मशीन तसूभर हललं नाही. जाळी विणणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "काय गो कमले, काय आनलंस?"

"पोरीची होडी!" कमळीताई मोठ्यानं म्हणाली.

घरात मशीन जमिनीवर झोपवलं. श्रुतीनं पेस्ट लावली, सव्वा किलोचा ठोकळा अलगद टेकवला, चारही स्क्रू आधी बोटांनी धरवले. मग नवा लांब स्क्रूड्रायव्हर काढून समोरासमोरचे आळीपाळीनं पिळले, थोडे थोडे, स्क्रू थांबेपर्यंत. शेवटी जांभळं नेलपॉलिश. चार रेघा. मशीन चालू केलं तर पंख्याचा आवाजच येईना, म्हणून कमळीताई कान लावून बसली.

जयमाला उंबऱ्यात उभी होती. तिच्या नोकरीत सर्व्हेअरला फक्त फुटल्यावरच बोलावत. फॉर्मच्या शेवटी एक छापील ओळ असायची, तिच्यापुढे खूण करायची पाळी तिच्यावर फार थोड्या वेळा आली, असं ती नेहमी म्हणते. तिनं माझ्याकडे हात केला. मी वही दिली.

तिनं तारीख घातली आणि खाली लिहिलं, "माल सुस्थितीत पोचला."

आणि मग ती वाकून, स्वतःच्या सवयीच्या विरुद्ध, श्रुतीच्या डोक्यावरून हात फिरवून आली.